गोटहार्डची वाट आणि पायांचं गणित

डोंगरात राहणाऱ्या माणसाला पुढचं गाव किती लांब आहे असं विचारलं, तर तो अंतर सांगत नाही, वेळ सांगतो. ‘असेल तासाभराची वाट.’ शहरातून आलेल्याला हे उत्तर मोघम वाटतं. पण स्वित्झर्लंडसारख्या मोजमापात काटेकोर देशातही पायवाटांवरच्या पिवळ्या पाट्या हेच करतात. पाटीवर गावाचं नाव असतं आणि पुढे तास-मिनिटं. किलोमीटरचा आकडा सहसा नसतोच. त्या देशात पायवाटांकडे लोक गंभीरपणे बघतात. सुमारे ६५,००० किलोमीटरच्या वाटा आखलेल्या आहेत, आणि १९७९ साली लोकांनी मतदान करून पायवाटांचा विषय थेट राज्यघटनेत घातला. म्हणजे पाटीवर तास लिहिले आहेत ते विचार करूनच.

नकाशावर अंतर अचूक मोजता येत असताना तास का? याचं उत्तर कागदावर समजून घेण्यापेक्षा एखाद्या खऱ्या वाटेवर समजून घेणं सोपं. त्यासाठी मी गोटहार्ड खिंडीची वाट निवडली आहे. उत्तरेला गोशेनेन, मग शोलेनेनची घळ, आंडरमाट, होस्पेंटाल, वर खिंड आणि पलीकडे दक्षिणेला उतरून आयरोलो. सकाळी जर्मन बोलणाऱ्या गावातून निघायचं आणि संध्याकाळी इटालियन बोलणाऱ्या गावात पोचायचं. साधारण २५ किलोमीटर, हजार मीटर चढ आणि ९३० मीटर उतार. धडधाकट माणसाला दिवसभर पुरेल आणि दमवेल अशी ही चाल आहे. माणूस आणि खेचर एका दिवसात किती चढू शकतात, किती ओझं नेऊ शकतात आणि रात्री कुठे थांबू शकतात, यावरून या वाटेवरचं जवळपास सगळं ठरलेलं आहे. गावं कुठे वसली, पूल कुठे झाला, जंगल का राखलं, रस्त्याला वळणं किती घातली, हे सगळं त्यातूनच आलं.

चढाचा हिशेब

१८९२ साली विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने एक साधा नियम मांडला. सपाटीच्या दर पाच किलोमीटरना एक तास धरा आणि चढाच्या दर ६०० मीटरना आणखी एक तास मिळवा. हा नियम गोटहार्डला लावून बघू. २५ किलोमीटरचे पाच तास, हजार मीटर चढाचा एक तास चाळीस मिनिटं. एकूण सहा तास चाळीस मिनिटं, तेही कुठेही न बसता. स्विस पाट्यांचा हिशेब याहून बारीक असतो. त्यात सपाटीवरचा वेग ताशी ४.२ किलोमीटर धरतात आणि मग चढ-उतार किती तीव्र आहे त्याप्रमाणे वेळ वाढवतात. विश्रांती त्यातही धरलेली नसते. खाण्यापिण्याचे, फोटोंचे आणि दम खाण्याचे थांबे मिळवले की नऊ तास सहज जातात.

चढाला इतका वेळ का लागतो? पाठीवरच्या पिशवीसकट ७० किलो वजन हजार मीटर वर उचलायचं तर सुमारे ६ लाख ८६ हजार ज्यूल एवढं काम करावं लागतं. उष्मांकात मांडलं तर हे जेमतेम १६५ किलोकॅलरी भरतं. हा आकडा फसवा आहे, कारण आपले स्नायू जी ऊर्जा जाळतात तिच्यातली साधारण चौथाई ऊर्जाच कामाला लागते. बाकीची उष्णता होऊन बाहेर पडते. म्हणून प्रत्यक्षात फक्त त्या चढासाठी साडेसहाशे किलोकॅलरी लागतात, आणि आडव्या चालीचा खर्च वेगळा.

वाया जाणारी ती तीनचतुर्थांश उष्णता वाटसरूच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. बाहेर दहा अंश तापमान असलं तरी चढताना अंग घामाने भिजतं. वर खिंडीत पोचून थांबलो की आतली भट्टी मंदावते, कपडे ओले असतात आणि वारा सुटलेला असतो. उन्हाळ्यातही माणूस गारठतो तो असा. डोंगरातले अनुभवी लोक चढ सुरू होण्याआधी एक कपडा काढतात आणि माथ्यावर पोचताच, थंडी वाजायची वाट न बघता, दोन चढवतात. त्यामागचं कारण हेच.

एका घळीने अडवलेली वाट

युरोपच्या नकाशात गोटहार्डची जागा विलक्षण आहे. आल्प्स ओलांडायचा तर बऱ्याच वाटांवर एक रांग चढून उतरावी लागते आणि मग दुसरी चढावी लागते. इथे एकदाच चढायचं, एकदाच उतरायचं. ऱ्हाइन, ऱ्होन, रॉइस आणि टिचीनो या चार नद्यांचे उगम याच डोंगरगाठीच्या आसपास आहेत, म्हणून चार दिशांच्या दऱ्या इथवर येऊन भिडतात. तरीही तेराव्या शतकापर्यंत व्यापारी या वाटेने फारसे येत नव्हते. त्यांना खिंडीने अडवलं नव्हतं. अडवलं होतं तिच्या बरंच खाली असलेल्या शोलेनेनच्या घळीने.

गोशेनेन सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. तिथून निघून रॉइस नदीच्या काठाने वर जाऊ लागलं की दोन्ही बाजूंच्या ग्रॅनाइटच्या भिंती जवळ येत जातात. शेवटी नदीखेरीज कशालाच जागा उरत नाही. नवल म्हणजे ही घळ संपते तिथे अचानक रुंद, सपाट, हिरवं खोरं उघडतं. तेच उर्सेरन, आणि त्यात आंडरमाट आणि होस्पेंटाल. नदी एकच आणि पूर्वी या खोऱ्यांतून सरकलेली हिमनदीही एकच, मग एवढा फरक कसा? कारण खडकात आहे. शोलेनेनचा ग्रॅनाइट अतिशय कठीण, त्यामुळे तिथे पाण्याला फक्त चीर पाडता आली. उर्सेरनच्या खाली मात्र दोन कठीण खडकांच्या मधोमध दाबल्या गेलेल्या मऊ, गाळाच्या खडकांचा पट्टा आहे. बर्फाने तो सहज खरवडून काढला आणि खोरं रुंद झालं. या मऊ पट्ट्याची गोष्ट पुढे पुन्हा येणार आहे, कारण रेल्वेचा बोगदा खणणाऱ्यांना त्याने फार छळलं.

घळीतून वाट काढली ती १२२०–१२३० च्या सुमाराला. त्यात वाल्झर लोकांचा हात असावा असं मानलं जातं. हे लोक पश्चिमेकडच्या वाले प्रांतातून फुर्का खिंड ओलांडून उर्सेरनला येऊन वसले होते. त्यांच्या मूळ मुलखात पाऊस कमी, त्यामुळे हिमनद्यांचं पाणी शेतापर्यंत आणण्यासाठी उभ्या कड्यांवर लाकडी पन्हळी टांगायची कला त्यांना अवगत होती. पाणी वाहून नेणारी पन्हळ कड्याला टांगता येते, तर माणसं वाहून नेणारी फळीही टांगता येईल. घळीच्या वरच्या टोकाला नेमकं हेच केलं गेलं. कड्याला साखळ्यांनी अडकवलेला लाकडी मार्ग नदीवर लोंबकळत होता आणि त्याच्या खालच्या बाजूला नदी ओलांडणारा लाकडी पूल होता. तोच पुढे सैतानाचा पूल म्हणून प्रसिद्ध झाला.

आख्यायिका अशी की हा पूल माणसाच्याने होईना, तेव्हा इथल्या ऊरी प्रांतातल्या लोकांनी सैतानाशी करार केला. पूल तो बांधेल, पण पहिला जो जीव पलीकडे जाईल तो त्याचा. पूल झाला आणि लोकांनी बोकड पुढे हाकलला. चिडलेला सैतान पूल फोडायला मोठी शिळा घेऊन आला, पण एका म्हातारीने शिळेवर क्रूस काढला आणि त्याला ती टाकून पळावं लागलं. २२० टन वजनाची ती शिळा आजही गोशेनेनजवळ आहे. १९७७ मध्ये महामार्गाच्या आड आली म्हणून ती १२७ मीटर बाजूला सरकवली, फोडली नाही.

दगडी पूल १५९५ मध्ये झाला. टांगता मार्ग पुरात वारंवार वाहून जायचा, म्हणून १७०७–०८ मध्ये पिएत्रो मोरेत्तिनी या अभियंत्याने सरळ कडाच फोडून ६४ मीटर लांबीचा बोगदा काढला. आल्प्समधल्या सुरुवातीच्या रस्त्याच्या बोगद्यांपैकी हा एक. त्याची सुरुवातीची उंची जेमतेम अडीच मीटर आणि रुंदी सव्वादोन मीटर होती. आज हे मोजमाप हास्यास्पद वाटेल, पण ओझं लादलेलं एक खेचर आणि त्याचा मालक जाईल एवढीच ती जागा करायची होती. बोगद्याचा आकारही खेचराच्या मापाने ठरला. १७९९ च्या सप्टेंबरात रशियाचा सेनापती सुवोरोव्ह हजारोंची फौज घेऊन दक्षिणेकडून याच अरुंद जागेतून फ्रेंचांशी लढत पुढे आला. त्याचं भलंमोठं स्मारक पुलाजवळ कड्यात कोरलेलं आहे.

घळ उघडल्याचा परिणाम लगेच राजकारणात दिसला. १२३१ मध्ये ऊरीच्या लोकांना थेट सम्राटाच्या छत्राखाली घेण्यात आलं, म्हणजे मधले सरदार बाजूला झाले. वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती जकात. त्यामुळे एरवी कुणाच्या खिजगणतीत नसलेलं हे डोंगरी खोरं एकदम मोलाचं ठरलं. पुढे ज्या खोऱ्यांच्या युतीतून स्वित्झर्लंड उभं राहिलं, त्यांत ऊरी पहिल्यांपैकी होतं.

आंडरमाटचं जंगल

बोगद्यातून आंडरमाटच्या बाजूला बाहेर पडलं की समोरचा उतार लक्ष वेधतो. सगळ्या उर्सेरन खोऱ्यात झाडं जवळजवळ नाहीत. डोंगर गवताचे. फक्त गावाच्या नेमक्या वरच्या उतारावर गडद झाडांचा एक त्रिकोण उभा आहे. हा निसर्गाचा योगायोग नाही. १३९७ साली खोऱ्यातल्या लोकांनी ठराव केला की या जंगलातून कुणीही लाकूड काढायचं नाही. बाकीचा मुलूख जळणासाठी, घरांसाठी आणि कुरणांसाठी उघडाबोडका झाला, तरी हा तुकडा सहाशेहून जास्त वर्षं राखला गेला.

यामागचं शास्त्र समजून घेण्यासारखं आहे, कारण त्याबद्दल एक सार्वत्रिक गैरसमज आहे. लोकांना वाटतं की झाडं कोसळत येणारा हिमकडा अडवतात. प्रत्यक्षात वेग घेतलेलं हिमस्खलन झाडांना काडीसारखं मोडून पुढे जातं. झाडांचा उपयोग त्याआधी होतो, ते सुरू होऊ न देण्यात. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर बर्फ थराथराने साठतो. एखादा आतला थर ठिसूळ राहिला की त्यावरची अख्खी लादी एकदम सुटते. जंगलात बर्फ फांद्यांवर अडतो, तुकड्यातुकड्यांनी खाली पडतो, उन्हापासून आणि वाऱ्यापासून आडोसा मिळतो, त्यामुळे एकसंध लादी तयारच होत नाही. शिवाय दाट खोडं खालच्या बर्फाला जागच्या जागी धरून ठेवतात. चौदाव्या शतकातल्या शेतकऱ्यांना थरांचं हे विज्ञान ठाऊक नव्हतं. जिथे झाडं आहेत तिथून बर्फ येत नाही, एवढं त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बघितलं होतं.

जंगल असूनही धोका संपलेला नव्हता. १९५१ च्या जानेवारीत आल्प्समध्ये विलक्षण बर्फ पडला आणि आंडरमाटवर एकामागून एक हिमस्खलनं कोसळून १३ माणसं गेली. आता वरच्या उतारांवर दगडी बांध आणि पोलादी जाळ्यांच्या ओळी दिसतात. झाडं जिथे उगवत नाहीत तिथे झाडांचं काम त्या करतात.

सैतानाच्या पुलापाशी पर्यटकांची गर्दी असते आणि त्या त्रिकोणी जंगलाकडे फारसं कुणी बघत नाही, याचं मला वाईट वाटतं. माझ्या मते या सगळ्या वाटेवरची सर्वांत मोठी करामत ते जंगल आहे. पूल ही काही वर्षांची मेहनत. थंडीत कुडकुडणाऱ्या माणसांनी समोर दिसणारं जळण न तोडणं, ही वीस-पंचवीस पिढ्यांची मेहनत आहे.

होस्पेंटालची वखार

आंडरमाटहून होस्पेंटाल तीनेक किलोमीटर. वाट नदीकाठाने जवळजवळ सपाट आहे आणि दूरवरूनच टेकाडावरचा तेराव्या शतकातला चौकोनी बुरूज दिसतो. इथे वाटा फुटतात. एक पश्चिमेला फुर्का खिंडीकडे, दुसरी दक्षिणेला गोटहार्डकडे. गाव छोटं, पण घरं दणकट आणि वेशीपाशी खानावळी. इतक्या लहान गावात इतकी मोठी घरं कशासाठी, असा प्रश्न पडतो.

त्याचं उत्तर मालवाहतुकीच्या पद्धतीत आहे. खेचरावर साधारण सव्वाशे ते दीडशे किलो ओझं लादत. दक्षिणेकडून वाइन, तांदूळ, रेशीम यायचं. उत्तरेकडून चीज जायचं आणि गुरांचे कळपच्या कळप लोंबार्डीच्या बाजारांकडे हाकले जायचे. पण एक खेचरवाला माल घेऊन सलग आल्प्स ओलांडत नसे. प्रत्येक खोऱ्यातल्या वाहतूकदारांची स्वतःची संघटना होती आणि आपल्या हद्दीतून माल नेण्याचा हक्क फक्त तिचा. हद्द संपली की माल वखारीत उतरवायचा. पुढच्या खोऱ्याचे लोक आपल्या जनावरांवर तो लादून पुढे नेणार. व्यापाऱ्याच्या नजरेने ही पद्धत वेळखाऊ, कारण दर टप्प्यावर उतरवणं-चढवणं आलं. तिचे फायदे मात्र पक्के होते. जनावर रोज आपल्या गोठ्यात परतायचं, वाटेची खडान्‌खडा माहिती असलेला माणूस सोबत असायचा, आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे वाटेची दुरुस्ती ज्याची कमाई त्याच्याच गळ्यात असायची. फळी कुजली, दरड पडली तर दुसऱ्या दिवशी त्याचंच खेचर अडणार.

हिवाळ्यातही वाट बंद नसे. गावकरी बैलांना बर्फातून पुढे चालवत. त्यांच्या वजनाने बर्फ दबून कठीण व्हायचा आणि मागून घसरगाड्यांवर माल निघायचा. वाट चुकू नये म्हणून दोन्ही कडांना उंच काठ्या रोवलेल्या असत.

होस्पेंटालच्या जागेचं रहस्यही इथेच उलगडतं. खिंडीच्या बऱ्यापैकी लांब चढाआधीची ही शेवटची आडोशाची जागा. वर ढग दिसले तर इथे थांबायचं, सकाळी आभाळ बघून निघायचं. उलट बाजूने येणारा दमूनभागून पहिल्यांदा इथेच टेकणार. डोंगराच्या दोन्ही पायथ्यांना अशी गावं असतातच, आणि पलीकडच्या पायथ्याला आयरोलो आहे.

वाटेचे टप्पे

गोशेनेन (सुमारे ११०० मीटर): इथून घळीतून चढ, अंदाजे पाच-सहा किलोमीटर.
आंडरमाट (सुमारे १४४० मीटर): नदीकाठची सपाट चाल, तीन किलोमीटर.
होस्पेंटाल (सुमारे १४५० मीटर): खिंडीपर्यंत संथ पण लांब चढ, सुमारे नऊ किलोमीटर.
गोटहार्ड खिंड (२१०६ मीटर): ट्रेमोलाच्या दरीतून खडा उतार, सात-आठ किलोमीटर.
आयरोलो (११७५ मीटर): रेल्वे स्टेशन.

माथ्यावरची हवा

होस्पेंटालच्या पुढे दरी उघडी-बोडकी होत जाते आणि शेवटी वाट गोल, गुळगुळीत खडकांच्या आणि लहान तळ्यांच्या माळावर येते. खिंड म्हटल्यावर दोन सुळक्यांमधली अरुंद फट डोळ्यांसमोर येते, पण ही जागा ऐसपैस आहे. हिमयुगात इथून बर्फाचा जाड थर सरकत गेला. त्याने खडक घासून गोल केले आणि खोलगट जागा कोरल्या. त्यांतच पुढे पाणी साठलं. उत्तरेला पडलेला थेंब रॉइसमधून ऱ्हाइनला मिळून उत्तर समुद्रात जातो, दक्षिणेला पडलेला टिचीनोमधून पो नदीला मिळून एड्रियाटिकमध्ये.

या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास ७८ टक्के असतो. म्हणजे प्रत्येक श्वासात प्राणवायू पाचव्या हिश्शाहून थोडा जास्तच कमी मिळतो. एवढ्याने निरोगी माणूस सहसा आजारी पडत नाही, उंचीचा त्रास बहुधा अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो. पण खाली ज्या वेगाने आरामात चालत होतो, त्याच वेगाने इथे धाप लागते. तापमानही दर शंभर मीटरला साधारण ०.६ अंशाने उतरतं, त्यामुळे गोशेनेनपेक्षा इथे सहा-सात अंश कमी.

त्याहून जपायचं ते हवामानाला. ही खिंड म्हणजे दोन हवामानांची सीमा आहे. दक्षिणेकडून भूमध्य समुद्रावरची दमट हवा आली की ती डोंगर चढू लागते. चढताना हवा प्रसरण पावते आणि थंड होते, बाष्पाचे ढग होतात, आयरोलोच्या बाजूला पाऊस कोसळतो. बाष्पाचं पाणी होताना त्यातली उष्णता हवेत सुटते, म्हणून ढगातली हवा वर जाताना दर शंभर मीटरला सहाएक दशांश अंशानेच थंड होते. माथा ओलांडून ती कोरडी होऊन उत्तरेला उतरते तेव्हा मात्र दर शंभर मीटरला पूर्ण एक अंशाने तापते. हजार मीटर चढताना सहा अंश गमावले, हजार मीटर उतरताना दहा अंश कमावले. त्याच उंचीवर हवा चार अंशांनी गरम झाली. याला फॉन वारा म्हणतात. पाऊस न पडताही फॉन वाहतो, कारण कधीकधी माथ्याच्या वरच्या थरातली कोरडी हवाच थेट खाली उतरते. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर भिजत असताना पलीकडे वाईत पाऊस ओसरलेला असतो, त्यामागेही चढणाऱ्या-उतरणाऱ्या हवेचा हाच नियम आहे. ऊरीच्या खोऱ्यात फॉन इतका जोरात आणि इतका कोरडा वाहतो की पूर्वी त्या काळात आगीसाठी खास पहारे ठेवत. वाटसरूसाठी यातली शिकवण अशी की आंडरमाटला कोरडं, उबदार ऊन असणं हे खिंडीपलीकडे पाऊस असल्याचं लक्षणही असू शकतं. दक्षिणेचा अंदाज वेगळा बघितल्याशिवाय निघू नये.

अशा जागी निवारा हवाच. इथलं चॅपल १२३० मध्ये मिलानच्या आर्चबिशपने हिल्डेसहाइमच्या संत गोडेहार्डला अर्पण केलं, आणि त्यावरून खिंडीला नाव मिळालं. त्याला लागून वाटसरूंसाठी धर्मशाळा होती. गरिबाला फुकट जेवण आणि निजायला जागा मिळे. गटे हा जर्मन कवी १७७५, १७७९ आणि १७९७ असा तीनदा इथवर चढून आला. तिन्ही वेळी तो इथूनच मागे फिरला.

उतार का दुखतो

आता खाली आयरोलो दिसतं. वाट उतरणीची आहे, श्वास लागत नाही, मन हलकं होतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरता येत नाही, मांड्या लाकडासारख्या झालेल्या असतात. चढाने दमवलं तर दुखतं उताराने का?

विहिरीतून भरलेली बादली ओढताना दम लागतो. पण तीच भरलेली बादली दोर न सोडता, हळूहळू, झटका न देता परत खाली सोडून बघा. धाप लागत नाही, पण हात भरून येतात, कारण स्नायू ताणला जात असतानाच त्याला जोर धरावा लागतो. उतारावर मांडीच्या पुढच्या स्नायूंचं हेच होतं. प्रत्येक पावलाला अंगाचं वजन खाली येतं, गुडघा दुमडतो, स्नायू लांबत जातो आणि लांबता लांबताच त्याला ब्रेक लावायचा असतो. अशा कामाला प्राणवायू कमी लागतो, म्हणून हृदय तक्रार करत नाही. पण स्नायूंच्या तंतूंमध्ये सूक्ष्म इजा होतात. शरीर त्या दुरुस्त करायला लागतं, तिथे सूज येते आणि वेदना साधारण एक ते तीन दिवसांनी सर्वांत जास्त असते. यात एक दिलासाही आहे. एकदा असा उतार उतरलेले स्नायू पुढचे काही आठवडे तशाच उताराला कितीतरी कमी दुखतात. म्हणून मोठ्या चालीच्या दोन-तीन आठवडे आधी जिने किंवा एखादी टेकडी मुद्दाम उतरण्याचा सराव करावा. चढण्याचा सराव सगळे करतात, उतरण्याचा विसरतात.

ट्रेमोलाच्या दरीत उतारावरच्या वळणांचा खेळ बघायला मिळतो. फ्रान्चेस्को मेस्किनी या अभियंत्याने १८२७ ते १८३२ या काळात इथे बग्गीचा रस्ता बांधला. उंच दगडी भिंतींच्या आधाराने एकावर एक २४ वळणं, आणि ग्रॅनाइटच्या चिऱ्यांची फरसबंदी. आयरोलोपासून खिंडीपर्यंतची ९३० मीटरची उंची हा रस्ता सुमारे १३ किलोमीटरमध्ये चढतो, म्हणजे सरासरी सात टक्के. पायवाट मात्र ही वळणं कापत खूपच सरळ जाते. दोघांत चूक कुणाची? कुणाचीच नाही. आल्बेर्तो मिनेत्ती या इटालियन शास्त्रज्ञाने १९९५ मध्ये दाखवलं की ठरावीक उंची गाठायला पायी माणसाला सर्वांत कमी ऊर्जा साधारण २५ टक्के चढावर लागते, म्हणजे चार मीटर पुढे, एक मीटर वर. यापेक्षा सौम्य वाट असेल तर उगाच लांब चालावं लागतं, खडी असेल तर स्नायूंची कार्यक्षमता घसरते. डोंगरातल्या जुन्या पायवाटा त्याच चढाच्या आसपास सापडतात. चाकांच्या गाडीला ओढणारा घोडा मात्र एवढ्या चढावर हरतो, आणि उतारावर गाडी त्याच्या अंगावर येते. चाक आलं म्हणून वळणं आली.

या रस्त्यावरून पाच घोड्यांची टपालगाडी धावायची. रुडोल्फ कोलर या चित्रकाराने १८७३ मध्ये तिचं चित्र काढलं, वळणावरून भरधाव येणारी गाडी आणि तिच्यापुढे जिवाच्या आकांताने पळणारं वासरू. स्विस घराघरांत ओळखीचं असलेलं ते चित्र आता झुरिकच्या संग्रहालयात आहे. पण चित्र काढलं जात होतं तेव्हाच डोंगराखाली सुरुंग वाजायला लागले होते.

डोंगराच्या पोटातून

गोशेनेन आणि आयरोलोला जोडणारा १५ किलोमीटरचा रेल्वे बोगदा १८७२ मध्ये सुरू झाला आणि १८८२ मध्ये खुला झाला. उर्सेरनच्या खालचा मऊ खडकाचा पट्टा इथे आडवा आला. गोशेनेनच्या तोंडापासून पावणेतीन किलोमीटर आत, बरोबर आंडरमाटच्या खाली, खडक इतका खचणारा लागला की बांधलेल्या दगडी कमानी दाबाने चिरडून निघायच्या. त्याच मऊ खडकाने वर लोकांना सुपीक, सपाट कुरणं दिली होती. आत काम करणारे बहुतेक इटालियन मजूर होते. बोगद्यात उष्णता तीस अंशांच्या वर, शौचाची सोय नाही, हवा सुरुंगाच्या धुराने भरलेली. १८७५ मध्ये गोशेनेनला संप झाला तेव्हा गोळीबारात चार मजूर मारले गेले. १८८० च्या सुमाराला शेकडो मजूर फिकुटले, अशक्त झाले. तो आकडेकृमीचा संसर्ग असल्याचं तेव्हा उघड झालं, आणि खाणकामगारांच्या या रोगाकडे युरोपातल्या डॉक्टरांचं लक्ष गेलं. ठेकेदार लुई फाव्र १८७९ मध्ये बोगद्यातच कोसळून मेला. अपघातांत गेलेल्यांची अधिकृत संख्या १९९ सांगतात. रोगाने घरी जाऊन मेलेले त्यात नाहीत. आयरोलो स्टेशनासमोर विन्चेन्झो वेला या शिल्पकाराने घडवलेलं ब्राँझचं शिल्प आहे, मेलेल्या मजुराला उचलून नेणारे सोबती. वाट संपवून स्टेशनवर पोचलेल्या माणसाने पाय कितीही दुखत असले तरी तिथे थांबावं.

बोगदा सुरू झाला आणि होस्पेंटालच्या वखारी, खानावळी, खेचरवाले यांची कमाई अल्पावधीत गेली. १९८० मध्ये १६.९ किलोमीटरचा मोटारींचा बोगदा आला. २०१६ मध्ये ५७ किलोमीटरचा नवा रेल्वे बोगदा थेट एर्स्टफेल्ड ते बोडिओ असा निघाला आणि गोशेनेन-आयरोलो दोन्ही गावं वेगवान गाड्यांनी मागे टाकली. जुन्या मार्गावर मात्र गाड्या चालू आहेत, आणि पायी येणाऱ्यांच्या त्या फार उपयोगाच्या. आयरोलोहून गाडीत बसलं की काही मिनिटांत गोशेनेन.

जायचं असेल तर

खिंडीचा रस्ता साधारण जून ते ऑक्टोबर खुला असतो, आणि पायी जायला जुलैपासून सप्टेंबरपर्यंतचे महिने बरे, कारण जूनमध्ये वरच्या भागात बर्फाचे पट्टे शिल्लक असू शकतात. उन्हाळ्यात दुपारनंतर गडगडाटी पाऊस येतो, तेव्हा गोशेनेनहून सकाळी लवकर निघून दुपारच्या आत माथा गाठावा. एका दिवसाचं बळ नसेल तर होस्पेंटाल किंवा खिंडीवरच्या जुन्या निवाऱ्यातल्या हॉटेलात मुक्काम करून चाल दोन दिवसांत विभागता येते. फक्त उन्हाळ्यात धावणाऱ्या पिवळ्या टपाल-बसही वाटेतून खाली आणतात. उतारासाठी दोन काठ्या न्याव्यात. त्यांनी गुडघ्यांवरचा भार खरोखर कमी होतो, आणि ट्रेमोलाच्या ओल्या ग्रॅनाइटवर तोलही राहतो.